मैदानाची लांबी

खो-खोच्या मैदानाची लांबी किती, हा प्रश्न आमच्या शाळेत शारीरिक शिक्षणाच्या पेपरात दरवर्षी येतो. ज्या पोरींनी जन्मात कधी मैदानाला पाय लावला नाही, त्या पोरी झोपेतून उठवलं तरी त्याचं उत्तर बरोबर सांगतात. मी ते उत्तर इथे लिहिणार नाही. ज्याला पाहिजे त्याने टेप घेऊन जावं आणि मोजावं, तेवढाच व्यायाम होईल.

मी पीटीची मॅडम. शाळेच्या दप्तरी मी क्रीडाशिक्षिका आहे, पण ते दप्तरापुरतंच. अर्धं आयुष्य नागपुरातल्या एकाच शाळेत गेलं. प्रार्थनेच्या रांगा सरळ केल्या, पाहुण्यांसाठी खुर्च्या लावल्या, प्रभातफेरीत पोरींना उन्हातून फिरवलं, कोणाला चक्कर आली तर तिच्या तोंडावर पाणी मारलं. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की माझा तास गणिताला जातो, विज्ञानाचा मागे पडला की विज्ञानाला. माझा अभ्यासक्रम कधी मागे पडतो का, हे आजवर मला कोणी विचारलेलं नाही. शिक्षकांच्या खोलीत असं बोलले की सगळे हसायचे, त्यांना वाटायचं मॅडम गंमत करतात. मी गंमत करत नव्हते.

आमच्या शाळेला मैदान आहे. म्हणजे एरवी आहे, लग्नसराईत नसतं. नागपुरात लॉनवर लग्न लावायची पद्धत, आणि शाळेची जागा रस्त्याला लागून. ती संस्थेच्या डोळ्यांत भरली नसती तरच नवल. आधी फक्त संध्याकाळी द्यायचे. मग मांडवाचे ट्रक सकाळपासून येऊ लागले. मग वरातीच्या घोड्याला अडचण होते म्हणून खो-खोचे माझे दोन खांब उपटले. मी शोध घेतला तेव्हा एक खांब चौकीदाराच्या कपडे वाळवायच्या दोरीला सापडला आणि दुसरा मोडक्या दाराला टेकू म्हणून लावलेला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगणच लग्नाला दिलेलं होतं.

मैदान नाही तर पोरींना श्रेणी कशी द्यायची? मुख्याध्यापकांनी तोड काढली की लेखी परीक्षा घ्या. सगळ्यांची सुंठीवाचून खोकला गेल्यासारखी सोय झाली. नववीच्या वर्गशिक्षिका गणिताच्या मॅडम, त्यांना तर फारच बरं वाटलं. त्या म्हणाल्या, "कागद असला की पुरावा असतो. उद्या कोणी विचारलं तर दाखवता येतं." मुलांचे खेळ घेणारे आमचे तरुण सर म्हणाले, "लेखी घ्या, नाहीतर नका घेऊ. शेवटी सगळ्यांना अ च द्यायचा आहे." मी पहिल्या वर्षी भांडले, दुसऱ्या वर्षी कुरकुरले आणि तिसऱ्या वर्षी गप्प बसले. तिसऱ्या वर्षाचा राग मला अजून येतो.

त्याच वर्षी ती पोरगी नववीत होती. बुटकी, तेल चोपडलेल्या दोन वेण्या वर बांधलेल्या. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि तिथे ती आहे हे हजेरी घेतानाच कळायचं. मैदानावर ती आमच्या शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन होती. पळणाऱ्या पोरीच्या पायांकडे ती पाहायचीच नाही, खांद्याकडे पाहायची. खांदा कुठे वळतो ते बघून खो द्यायची. हे तिला मी शिकवलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी पायाकडेच बघ म्हणून सांगितलं असतं. आणि दुसऱ्या शाळांत सामन्याला गेलो की खांबापाशी ती असा सूर मारायची, की समोरची पोरगी वळायच्या आत बाद झालेली असायची आणि हिच्या कोपराचं सालटं निघालेलं असायचं. त्या सालट्याचं तिला काहीच वाटायचं नाही.

सहामाहीच्या वेळी मी स्पर्धेत पंच म्हणून बाहेर होते, म्हणून माझ्या विषयाचे पेपर गणिताच्या मॅडमनी तपासले. परत येऊन पाहते तर या पोरीला शारीरिक शिक्षणात ड. त्यांच्याकडून पेपर मागून घेतला. खो-खोच्या मैदानाची लांबी किती, याचं उत्तर तिने लिहिलं होतं, "लग्न असलं की छोटं, नसलं की मोठं." त्यावर लाल शाईने भोपळा. बाकीचे प्रश्न तिने सोडून दिले होते. आणि जी पोरगी वर्षभर "बरं नाही मॅडम" म्हणून कडुनिंबाखाली बसली होती, तिने समास आखून सगळं बरोबर लिहिलेलं. तिला अ. त्या पोरीचा दोष नव्हता, आम्ही जे विचारलं ते तिने लिहिलं.

आधी मला हसू आलं. मग जी तळपायाची आग मस्तकात गेली ती सांगायची सोय नाही.

मी गणिताच्या मॅडमना म्हटलं, "ही आपल्या शाळेची कॅप्टन आहे."

"असेल. पेपरात तसं काही दिसलं नाही."

"पेपरात कसं दिसेल मॅडम? ती पळते."

"गणितातही ती कच्चीच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्याचं डोकं चालत नाही त्याचं काहीच चालत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे."

त्या वाईट बाई नाहीत. पोरींना सुट्टीच्या दिवशी बोलावून बीजगणित शिकवतात, कोणाकडून काही घेत नाहीत. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. मुख्याध्यापकांकडे गेले तर ते म्हणाले, निकाल वाटून झाला आहे, आता वार्षिकला बघू.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. सभा आटोपल्यावर एक बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली, हातात प्रगतिपत्रक, मागे ती पोरगी.

"पीटीच्या मॅडम तुम्हीच का?"

"हो, मीच."

"मंग मले एक सांगा. ही पोट्टी घरी आली की अंगणात उड्या मारते, झोपीतही खो खो करते. मी म्हटलं चाला, अभ्यासात नाही तं खेळात तं असन. अन् हे पाहा." तिने ड वर बोट ठेवलं. "जे दिवसभर करते त्याच्यातही ड. मंग इले येते तरी काय?"

पोरगी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत उभी होती.

ती बाई इतवारीत साड्यांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडायच्या आणि ते उठून गेलं की पुन्हा घड्या घालायच्या. ती म्हणाली, "मी शेठले सांगून ठेवलं आहे. नववी झाली की इले हाताखाली लावते. दहावीत नापास होऊन घरी बसण्यापेक्षा ते बरं."

"वार्षिक निकाल येऊ द्या ना ताई."

"येऊ द्या. मी काय शाळेची दुश्मन आहे का? एक अ दाखवा मले. कायच्यातही असू द्या. एक अ दिसला तं दुकानाचं नाव नाही काढत मी." मग पोरीकडे वळून म्हणाली, "आयकलं ना वं? मॅडमसमोर बोलून राहिली मी."

पोरीने मान हलवली. एक अ, आणि तिची शाळा राहणार होती.

आता कोणी म्हणेल, श्रेणी तुझ्या हातात, लिहून टाकायचा एक अ. मलाही ते सुचलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी तेच घोळवत होते. पण न पाहता दिलेला ड जेवढा खोटा, तेवढाच गुपचूप दिलेला अ खोटा. आणि तो मी तिला द्यायचा नव्हताच, तिचा तिने घ्यायचा होता, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. मला परीक्षा हवी होती. खरीखुरी, मातीवरची.

त्या दिवसापासून नववीचा जो तास माझ्या वाट्याला आला तो मी सोडला नाही. गणिताला दिला नाही, विज्ञानाला दिला नाही. मैदान रिकामं असलं तर मैदानावर, नसलं तर सायकल स्टँडमागच्या पट्टीवर. एकेकीला जवळ घेऊन सांगितलं, आज तुझ्याच्याने एवढं होतं, वार्षिकला किती होतं ते बघू. कडुनिंबाखालच्या पोरीलाही उठवलं. ती म्हणाली, "मॅडम, मले नाही जमत." मी म्हटलं, "जमत नाही म्हणूनच शाळेत आलीस ना?"

मार्चमध्ये परीक्षेच्या नियोजनाची सभा झाली. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक वाचलं आणि शारीरिक शिक्षणापुढे लेखी असं म्हणून पुढे गेले. मी उभी राहिले. म्हटलं, मी प्रात्यक्षिक घेणार.

"मॅडम, त्या दिवशी मैदानावर लग्न आहे. संस्थेच्या सदस्यांच्या घरचं आहे."

"लग्न संध्याकाळी आहे सर. माझी परीक्षा सकाळी."

मग सगळ्यांना आपापली मतं आठवली. एरवी माझ्या विषयावर ज्यांना काही म्हणायचं नसतं, ते सगळे बोलले. मराठीचे सर म्हणाले, शरीर ज्याचं त्याला मिळालेलं, त्याला काय गुण द्यायचे? मी म्हटलं, डोकं काय सगळे बाजारातून निवडून आणतात का? गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "गरिबाघरची पोरं चपळ असतातच, त्यात त्यांचं कसलं कौतुक?" हे मात्र मला सहन झालं नाही. मी विचारलं, "ज्याच्या घरी बाप इंजिनिअर असतो, त्याचे गणिताचे गुण तुम्ही कापता का मॅडम? त्याच्यात त्याचं कसलं कौतुक, असं कधी म्हणालात का?" त्या वेळापत्रकाच्या कागदाची घडी घालू लागल्या.

तरुण सर हळूच म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना अ देऊन टाकू ना. कायले झंझट?"

"अन् जी खरंच चांगली आहे तिचं काय?"

"तिलेही अ च भेटते ना."

मी चिडून काही बोलणार होते, पण ते पुढे बोलले. "माझा भाऊ जाडा होता. धावायच्या परीक्षेच्या दिवशी तो घरून निघायचा, अन् शाळेत पोचायचा नाही. सगळे हासत होते त्याले. मी तेच पोरांसोबत करू का?" सभेतलं एवढं एकच बोलणं मला विचार करण्यासारखं वाटलं. त्यांना मी सांगितलं, मी एकीला दुसरीसोबत पळवणार नाही. दिवाळीला जी जेवढी होती तिथून ती कुठवर आली ते पाहणार, आणि खेळात ती कशी वागते, काय ओळखते ते पाहणार. जाड पोरगी जाड आहे म्हणून तिचा एक गुण जाणार नाही, आणि बारीक आहे म्हणून कोणाचा वाढणार नाही. ते म्हणाले, "असं असन तं मले काही म्हणायचं नाही."

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी एखादी तुकडी कमी झाली, तर कोण अतिरिक्त ठरेल ते मलाच कळवावं लागतं. तेव्हा कोणाचं सहकार्य कसं होतं ते मला आठवतं." अतिरिक्त हा शब्द आमच्यात मोठ्याने कोणी उच्चारत नाही. अतिरिक्त म्हणजे या शाळेत तुमची गरज संपली, आता जिथे टाकतील तिथे जायचं.

मी म्हटलं, "आठवा सर."

हात दाखवून अवलक्षण, असं घरी सगळे म्हणाले. माझ्या आजोबांनी छप्पन साली, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी, त्या मैदानात उभं राहून दीक्षा घेतली होती. मोकळ्या मैदानात उभं राहिल्याने माणसाचं काय होतं, हे आमच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. मी तेवढंच उत्तर दिलं आणि जेवायला बसले.

परीक्षेच्या सकाळी मुख्याध्यापक सदर भागातल्या कुठल्याशा सरकारी ऑफिसात गेले होते. मी नववीच्या पोरींना घेऊन मैदानावर आले, तर मांडववाल्यांचे ट्रक आधीच लागलेले. एका कोपऱ्यात लाल गालिचे गुंडाळून ठेवलेले, खुर्च्यांच्या चळती, आणि मधोमध चार माणसं खड्डे खणत होती. गणिताच्या मॅडमना मी वर्गशिक्षिका म्हणून सोबत घेतलं होतं. म्हटलं, तुम्ही कागद तपासलात, आता हेही माझ्यासोबत तपासा. त्या छत्री उघडून उभ्या होत्या.

मांडववाल्यांचा मुख्य म्हणाला, "मॅडम, इथं तं स्टेज लागून राहिला."

"लावा ना दादा. पण आधी दोन बल्ल्या मले गाडून द्या. एक इकडे, एक तिकडे."

"कायले?"

"खो-खोले."

त्याने मांडवाची बल्ली, तो लांब लाकडी वासा, खांद्यावरून खाली ठेवली. पोरींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मी खेळलो आहे मॅडम शाळेत. सांगा, कुठं गाडू?"

पहिली बल्ली गाडली. दुसरीची जागा दाखवायला मी टेप शोधत होते, तोवर ती पोरगी पहिल्या बल्लीपासून धावत सुटली आणि एका जागी थांबून टाच रोवून म्हणाली, "दादा, इथं." टेप लावला तर ती फूटभर चुकली होती.

"चुकलंच ना," गणिताच्या मॅडम म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं, "पण आता सांगा, भोपळा द्यायचा का?"

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

पोरींनी चुन्याने रेषा मारल्या. आधी एकेकीचं जे दिवाळीपासून ठरलं होतं ते झालं. कडुनिंबाखालची पोरगी मैदानाला न थांबता चक्कर मारून आली, लालबुंद होऊन, आणि सगळ्यांसमोर मांडवाच्या खुर्चीवर बसली. नवरदेवाच्या खुर्चीवर बसलीस, म्हणून पोरी तिला चिडवायला लागल्या. ती पहिल्यांदाच माझ्या तासाला हसत होती.

मग खेळ लावला. कॅप्टनची बाजू पाठलागावर होती. ती ओळीत बसली होती आणि बसल्या जागेवरून जिची पाळी होती तिला सांगत होती, "डावीकडे वळून राहिली ती, थांब, आता दे." गणिताच्या मॅडम माझ्या कानाशी आल्या.

"मॅडम, ती दुसरीला सांगून राहिली. ही कॉपी झाली ना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या अगदी गंभीर होत्या. इतकी वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये मागेपुढे फिरून फिरून, एक पोरगी दुसरीला मदत करते याचा एवढा एकच अर्थ त्यांना माहीत होता. मला त्यांचा राग आला नाही. मी म्हटलं, "खेळात याला कॉपी म्हणत नाहीत मॅडम. यालाच गुण द्यायचे असतात."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि छत्री मिटली. नीट दिसत नव्हतं त्यांना.

शेवटची धावणारी पोरगी भलतीच चलाख होती. कोणाच्या हाती लागत नव्हती. मांडववाले काम सोडून उभे राहिले होते. पाठलाग कॅप्टनकडे आला. ती घाई करत नव्हती. समोरचीला बल्लीकडे हळूहळू रेटत नेलं, आणि ती वळसा घालणार तेवढ्यात हिने एक हात बल्लीला घातला आणि आडवं अंग झोकून दिलं. बल्ली हलली नाही, चांगली गाडली होती. हिचा हात समोरचीच्या पाठीला लागला आणि ही गालिच्याच्या गुंडाळीपर्यंत घसरत गेली.

मांडववाला म्हणाला, "वा गा." इतकंच, आणि पुन्हा खड्ड्याकडे वळला.

पोरी हातपाय धुवायला गेल्यावर आम्ही दोघी श्रेण्या लिहायला बसलो. कडुनिंबाखालच्या पोरीला आम्ही दोघींनी न भांडता ब दिला. कॅप्टनपाशी आल्यावर गणिताच्या मॅडम जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "अ. अ च आहे तो. पण मग बाकीच्या विषयांत हिचं असं काहून होते?"

"ते तुम्ही शोधा मॅडम. माझ्या विषयाचं मी शोधलं."

दुपारी मुख्याध्यापक आले आणि मला बोलावणं आलं. चुना गालिच्याला लागला होता. पाहुण्यांचे बूट पांढरे झाले तर उत्तर कोण देणार, असं ते म्हणाले. मग माझ्या श्रेणीपत्रकावर हात ठेवून म्हणाले, लेखी परीक्षा झाली नाही, म्हणजे परीक्षा झाली नाही. सहामाहीच्याच श्रेण्या उतरवून द्या.

"मी उतरवणार नाही."

"मग मी उतरवतो."

"उतरवा सर. पण तिथे माझी सही येणार नाही, तुमची येईल. आणि उद्या एखाद्या पोरीच्या आईने विचारलं, की साहेब तुम्ही माझ्या पोरीला पळताना कधी पाहिलं, तर ते उत्तर तुम्ही द्यायचं. मी देणार नाही. मी तिला पाहिलं आहे."

"तुम्हाला कळतं ना, तुम्ही कोणाशी बोलता आहात?"

"कळतं. म्हणूनच उभं राहून बोलते आहे."

त्यांनी पत्रक उचललं, वरून खाली वाचलं आणि खालच्या सह्यांपाशी थांबले. माझ्या सहीशेजारी गणिताच्या मॅडमची सही होती. ती मी मागितली नव्हती. शाळेचा दहावीचा निकाल गणिताच्या मॅडमच्या जिवावर उभा आहे, हे अख्ख्या संस्थेला माहीत आहे. माझी सही खोडणं मुख्याध्यापकांना सोपं होतं, त्यांची नव्हतं. पत्रक त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकवून ठेवलं आणि मला म्हणाले, "या तुम्ही." जाताना पुढच्या वर्षाचं बघू, असंही म्हणाले. मी म्हटलं, बघा. पुढच्या वर्षी मी या शाळेत असेन की दुसऱ्या, ते त्यांनी ठरवायचं. मी कुठेही गेले तरी मातीवरच परीक्षा घेणार, ते मी ठरवलेलं आहे.

एक मेला झेंडावंदन झालं आणि निकाल वाटले. ती पोरगी वरच्या वर्गात गेली होती, बाकी सगळीकडे क आणि ड, आणि एका रकान्यात अ. तिच्या आईने प्रगतिपत्रक मैदानाच्या भिंतीला टेकूनच वाचलं. मग माझ्याकडे आली.

"एकच आहे."

"एकच मागितला होता तुम्ही ताई."

ती हसली नाही. पोरीला म्हणाली, जा, पाणी पिऊन ये. ती गेल्यावर आवाज खाली करून म्हणाली, "मॅडम, खरं सांगा. मी त्या दिवशी तुमच्यासमोर बोलली म्हून तुम्ही दया केली का? दयेचा असन तं मले नको. दुकानात तरी कष्टाचं राहीन."

मला ते झोंबलं. आणि बरंही वाटलं, कारण तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. कागदावरही ठेवू नका. उद्यापासून पोरींचा उन्हाळी सराव आहे. सकाळी उन्हाच्या आधी या आणि स्वतः बघा. पटलं नाही तर न्या तिला दुकानात."

दुसऱ्या दिवशी ती आली, दुकानात जायची पिशवी खांद्याला लावूनच. मैदानावर रात्रीच्या लग्नाच्या पत्रावळ्या आणि झेंडूची फुलं पडली होती. पोरींनी आधी ती उचलली, हे आमचं रोजचंच. दोन बल्ल्या मात्र तिथेच होत्या. मांडववाल्याने त्या नेल्याच नाहीत. मुख्याध्यापकांनी काढायला सांगितल्या आहेत, मी काढते म्हणून सांगितलं आहे, आणि त्या अजून तिथेच आहेत.

खेळ सुरू झाला तेव्हा ती भिंतीपाशी उभी होती. पोरीने पहिला सूर मारला तसा तिने पदर तोंडाला लावला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा ती कडुनिंबापर्यंत आली होती. मी तिच्याजवळ जाऊन काही समजावून सांगणार होते, पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. तिची नजर पळणाऱ्या पोरीवर होती, आणि पायांवर नाही, खांद्यांवर. एकदा ती स्वतःशीच म्हणाली, "आता उजवीकडे जाईन ते." आणि ती पोरगी उजवीकडेच गेली.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. डोळे मैदानावरून न हलवता तिने तो कानाला लावला.

"हव शेठ. नाही, मले आज उशीर होईन." थोडा वेळ ऐकून घेतलं. "नाही, तिले नाही आणत. ते मी मांगं म्हटलं होतं." पुन्हा ऐकलं. "तिले टाइम नाही शेठ."

फोन पिशवीत टाकून ती चुन्याच्या रेषेपाशी येऊन उभी राहिली. मी तिच्या पुढ्यातच उभी होते. तिने माझ्या दंडाला हात लावून मला बाजूला सारलं.

"सरका ना मॅडम जरा," ती म्हणाली, "दिसून नाही राहिलं."